हातात चढेपर्यंत हाजराबीची

हाजराचाचीची गोष्ट सांगायची तर आधी माझा गुन्हा कबूल करायला हवा. तिच्या पन्नास वर्षांच्या नावाला बट्टा लागायची वेळ आली, ती मी लिहून दिलेल्या सहा ओळींमुळं. लिहून दिल्या म्हणजे काय, दुसऱ्याच्या उचलून चिकटवल्या. मी धनाजी. कुंडलला एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि कुरिअरचं दुकान आहे. सातबारा, आधार, परीक्षेचा फॉर्म, काहीही घेऊन या, पाच मिनिटांत हातावर ठेवतो. दिवसभर लोक "काका, ह्ये कसं भरायचं?" म्हणून विचारत राहिले की माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं. मलाही तसंच वाटत होतं.

हाजराबी याकूब मणेर. माहेर शिराळ्याचं, सासर कुंडलचं. बाप मणेर, म्हणजे बांगड्या विकणारा आणि बायकांच्या हातात त्या भरून देणारा. जन्मतारीख विचारली की ती एवढंच सांगते, "भात्तरच्या दुष्काळात मी हात दाबाय शिकले." म्हणजे बहात्तर साली ती नऊ-दहा वर्षांची असणार. बाप तिला डोळे मिटायला लावायचा, समोर कुणाचा तरी हात द्यायचा, आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबून माप सांगायला लावायचा. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. चुकलं तर त्या दिवशीचा चहा बंद. तिनं डोळे मिटून दाबलेला पहिला हात शेजारच्या घरातल्या बनूचा. ती बनू म्हणजे आताची बनुबाई. तिचं लग्न गल्लीतल्या गल्लीतच झालं, त्यामुळं ती शिराळ्यातच राहिली. हिचं कुंडलच्या याकूबचाचाशी झालं.

मग ही दोघं तीस-बत्तीस वर्षं चालली. कुंडल, दुधोंडी, पुणदी, पलूस. याकूबचाचाच्या खांद्यावर बांगड्यांच्या माळा, हिच्या डोक्यावर टोपली. चाचा अंगणात थांबायचा, ही थेट चुलीपर्यंत जायची. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण माहेरून रडत आली, हे सासूच्या आधी हाजराचाचीला कळायचं, कारण हात हातात असताना बाई खोटं बोलत नाही म्हणे. मला हे पटत नाही, माझी बायको माझ्या हातात हात देऊन सर्रास खोटं बोलते. पण चाचीचा विश्वास होता.

तिचा एकच नियम होता. बांगडी हातात चढेपर्यंत मणेराची, चढली की बाईची. भरताना गेली तर त्या बांगडीचे पैसे नाहीत. आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फुटली असं कोणी म्हटलं तर चाची कानावर हात ठेवायची. भरताना एखादी वाढली की तुकडे ती स्वतः वेचून आपल्या पदरात घ्यायची आणि म्हणायची, "ही माझी." मग दुसरी काढायची. असं फार वेळा होत नसे. तिचा हात असा होता की बाईला कळायच्या आत डझन मनगटावर गेलेलं असायचं.

बारा वर्षांपूर्वी याकूबचाचा गेला. त्यानंतर चाची एकटी फिरली. मग गुडघ्यांनी दगा दिला. दुधोंडीचा चढ चढून आली की माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायची आणि गुडघ्यांना शिव्या द्यायची. मुलगा फारूक पलूसच्या एमआयडीसीत वेल्डर, तो म्हणायचा, आता बस कर. धंदा बस कर म्हटलं की चाची दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही.

तोड काढली तिच्या नातीनं, फारूकच्या अर्शियानं. ती तेव्हा बारावीला होती. तिनं इन्स्टावर बांगड्यांचं पेज काढायचं ठरवलं आणि पहिल्याच फटक्याला नियम आडवा आला. अठराच्या आतल्या मुलांचं खातं ते ॲप आपोआप बंदिस्त करतं, ओळख नसलेल्यांचे निरोप पोचतच नाहीत. निरोप नाही तर गिऱ्हाईक कुठून येणार? दुकानाचा क्यूआर कोड काढायचा तर तिथंही अठरा पूर्ण पाहिजे. शेवटी माझ्याच दुकानात बसून सगळं चाचीच्या नावानं काढलं. नाव हाजराबीचं, फोटो हाजराबीचा, आधार हाजराबीचा. टाइप करणारे अंगठे तेवढे अर्शियाचे.

पहिला व्हिडिओ साधा होता. चाची उंबऱ्यात बसून अर्शियाच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती आणि मोबाइलकडं न बघता बोलत होती, "बांगडी हातात चढंपतूर हाजराबीची. वाढली तर माझी. तुमी काळजी करू नगा." तेवढंच. तो हजारो पोरींनी बघितला. सांगली, कराड, इस्लामपूरच्या होस्टेलवरच्या पोरी खाली 'पीपी, पीपी' लिहायला लागल्या. मला वाटलं एखादीचं नाव असेल. अर्शियानं सांगितलं, प्राइस प्लीज. ह्या पोरींचं खरं म्हणजे दुकानात जाणंच संपलंय. कॉलेज पाचला सुटतं, होस्टेलचं गेट सातला बंद, मधल्या वेळात क्लास. बाजार त्यांच्या उशाशी फोनमध्ये भरतो.

मग एक दिवस अर्शिया म्हणाली, "काका, ऑनलाइन विकणाऱ्यानं नाव, पत्ता, नंबर आणि माल परत घ्यायचा नियम पेजवर लिहायलाच लागतो. कायदाय. आपण काय लिहायचं?" मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे. कपडे विकणाऱ्या एका दांडग्या पेजवरचा मजकूर उचलला, कपड्याच्या जागी बांगडी घातली आणि तिला दिला. घेतलेला माल परत घेतला जाणार नाही. बदलून मिळणार नाही. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ असल्याशिवाय तक्रार ऐकली जाणार नाही. अशा सहा ओळी. वर पार्सलमध्ये टाकायला गुलाबी कागदावर त्याच ओळींच्या पाचशे चिठ्ठ्याही छापून दिल्या. लिहायला लागतं एवढंच आम्ही ऐकलं होतं. काय लिहावं हे जिचं नाव वर होतं तिला विचारावं, असं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. चाचीला वाचता येत नाही. तिला वाटत होतं, पेजवर तिनं बोललेलं आहे, तेच सगळं.

म्हणजे एकाच पेजवर दोन नियम झाले. एक चाची तोंडानं सांगत होती, दुसरा मी चिकटवला होता. पोरींनी ऐकला पहिला.

गेल्या वर्षी नागपंचमीच्या आधी सांगलीच्या एका होस्टेलवरून अकरा जणींची एकत्र मागणी आली. मागवणारी शिवांजली, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, मूळची शिराळ्याची. ती बनुबाईची नात आहे हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. मैत्रिणींना पंचमीला गावी न्यायचं आणि सगळ्यांच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, असा तिचा बेत होता. पार्सल मीच बांधलं, चार पदरी कागद घालून. एकही बांगडी न तडकता पोचलं. रविवारी पोरी गोल करून भरायला बसल्या आणि निम्म्याहून जास्त बांगड्या हातात जाता जाता वाढल्या. एकीचा अंगठा कापला.

शिवांजलीनं पेजवर लिहिलं, "आजी व्हिडिओत म्हणाल्या होत्या, हातात चढेपर्यंत बांगडी त्यांची. आमच्या चढल्याच नाहीत."

अर्शिया माझ्याकडं आली. मी झेरॉक्स काढता काढता म्हटलं, "पॉलिसी पाठव." तिनं सहा ओळी पाठवल्या. शिवांजलीनं परत लिहिलं, जरा चिडून. मी म्हटलं, "व्हिडिओ माग." व्हिडिओ कुठला असणार? तिसऱ्यांदा तिनं लिहिलं, "आजींना एकदा विचारा." तेव्हा मी अर्शियाला सांगितलं, ब्लॉक कर, अशी गिऱ्हाइकं डोक्यावर बसतात. पोरीनं माझं ऐकलं. चाचीला आम्ही काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात आम्हाला काही वाटलंच नव्हतं. आज लिहिताना लाज वाटते.

पंचमीच्या आधी चाची दरवर्षी माहेरी जाऊन सहा-सात घरच्या बांगड्या भरते. सुरुवात बनुबाईपासून. पहिली बांगडी तिच्या हातात गेल्याशिवाय दुसऱ्या घरी टोपली उघडायची नाही, हे लहानपणापासूनचं. गेल्या वर्षी मला शिराळ्याला एक पार्सल द्यायचं होतं, म्हणून मी तिला माझ्या ओम्नीतून नेलं.

बनुबाईनं चहा दिला, खारी दिली, आणि समोर बसली. चाचीनं टोपली सोडली. बनुबाईचे दोन्ही हात पदराखाली.

"दे की हात," चाची म्हणाली.

"औंदा न्हाई भरायच्या."

"का गं? घरात समदी बरी हायत न्हवं?"

"बरी हायत. पर तुमच्याकडनं न्हाई भरायच्या."

चाचीचा हात टोपलीवरच थांबला. बनुबाई तिला जन्मात पहिल्यांदा 'तुमी' म्हणाली होती.

"माझ्या नातीनं होस्टेलात धा पोरींस्नी सांगिटलं, आमच्या हाजराबीचा शब्द म्हंजे शब्द," बनुबाई म्हणाली. "बांगड्या हातात जाता जाता वाढल्या. तर तुमी तिच्याकडं व्हिडिओ मागिटला. वर तिला बोलायचीबी बंदी केली. हातच्या काकणाला आरसा लागत न्हाई म्हंत्यात. तुमास्नी आता पिच्चर लागाय लागला व्हय?"

"कसला व्हिडिओ?" चाचीनं माझ्याकडं बघितलं. मी कपातल्या चहाकडं बघत होतो.

तिनं टोपली बांधली, उठली. त्या दिवशी ती शिराळ्यात दुसऱ्या कुठल्याच घरी गेली नाही. पेठ नाक्यापर्यंत मी गाडी चालवत एकेक करून सगळं सांगितलं, सहा ओळी, गुलाबी चिठ्ठ्या, ब्लॉक. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर अर्शियाला समोर बसवलं. घरात त्यांची बोली वेगळी, पण मला कळावं म्हणून चाची मराठीतच बोलली. "वाच."

अर्शियानं सहा ओळी वाचल्या.

"वर नाव कुनाचं हाय?"

"तुमचं, दादी."

"फोटू?"

"तुमचाच."

"मग बोल कुनाचा?"

अर्शिया रडायला लागली. मी मध्ये पडलो. झेरॉक्सवाल्याला गप्प बसता येत नाही. म्हटलं, "चाची, कायद्यानं आपण बरोबर हाय. माल खराब न्हवता, पार्सलात तडकला न्हाई. तू भरताना वाढली तर तुझी, कारण हात तुझा. इथं त्यांनी आपल्या हातानं भरल्या. चूक कुणाची?"

"कायद्यानं तू बरोबर असशील रं," ती म्हणाली. "मला बनूनं हात दिला न्हाई."

मी अर्शियाला विचारलं, सांगलीतलं ते होस्टेल कुठं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं टोपली घेऊन सांगलीला गेलो. होस्टेलच्या वॉचमननं अडवलं. आत यायचं तर फोनवर आधी पास काढायला लागतो, रेक्टरच्या मोबाइलवर नंबर येतो, तो सांगितला की गेट उघडतं. रेक्टर फोन उचलत नव्हत्या. चाची म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी बाहीर बसते." गेटासमोर कडुनिंबाखाली तिनं पोतं अंथरलं. अर्शियानं शिवांजलीवरची बंदी काढली आणि निरोप पाठवला: आजी गेटवर आल्यात.

पाच वाजता पोरी आल्या. शिवांजली पुढं, तोंड फुगवून. बाकीच्या मागं, एकमेकींना कोपरं मारत. चाचीनं कुणाला काही विचारायच्या आधी म्हटलं, "चुकलं माझं. माझ्या नावानं तुमास्नी कायबी लिवून आलं. मला ठावं न्हवतं, पर नाव माझंच हुतं." म्हातारं माणूस असं रस्त्यावर बसून माफी मागतंय म्हटल्यावर पोरींना कुठं बघावं कळेना. शिवांजलीचं फुगलेलं तोंड एकदम उतरलं.

मग चाचीनं कामाला सुरुवात केली. एकेकीचा हात घेतला, डोळे मिटले, दाबला. "दोन-चार. तू काय मागिवलीस?"

"दोन-चारच."

"दोन-सहा. तू?"

"दोन-सहा."

अकराच्या अकरा मापं बरोबर निघाली. पोरींनी पट्टी लावून, व्हिडिओ बघून नीट मोजलं होतं. चाची बुचकळ्यात पडली. शिवांजलीच्या हातात एक बांगडी देऊन म्हणाली, "कशी भरलीस, दाव."

शिवांजलीनं पाची बोटं ताठ केली, अंगठा बाहेर ठेवला आणि स्टीलचं कडं चढवावं तशी बांगडी सरळ रेटली. अंगठ्याच्या हाडाशी कट्ट झालं.

"आगं, आसं कुनी शिकिवलं?"

"कुणीच नाही. घरी तुम्हीच येता. आम्ही कधी आपल्या हातानं काचेची भरलीच नाही."

बाकीच्या पोरींनीही माना हलवल्या. एकीच्या गावात कासार येतो, एकीची आत्या भरते. चाची हसायला लागली, मग हसता हसता थांबली. चूक आता तिला कळली, आणि ती आमच्या तिघांची होती. मणेराच्या घरात बांगडीबरोबर भरणारा हात असतोच. अर्शियाही त्यातच वाढलेली. बांगडी चार पदरी कागदात बांधून पाठवली आणि ती चढणार कशी हे एका शब्दानं कुणी सांगितलं नाही. अंगठ्यावरून जाताना लागणारी कसबाची गोष्ट कुंडललाच राहिली होती.

तिनं त्या अकरा जणींना बांगड्या भरल्या. एका बाटलीत साबणाचं पाणी केलं, अंगठा आत दुमडून तळहातावर दाबला, हाडाचा उंचवटा मऊ करून घेतला, बांगडी तिरपी धरून करंगळीकडून फिरवली. पोरींना कळेपर्यंत बांगड्या मनगटात. वॉचमन खुर्ची घेऊन बघत बसला होता. शेवटी म्हणाला, मंडळीसाठी एक डझन द्या, माप फोनवर विचारून सांगतो. चाची म्हणाली, "हात घिऊन ये." वॉचमन म्हणाला, ती मिरजेला असते. अर्शिया हसली, तिच्या तोंडावर त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसू दिसलं.

निघताना शिवांजली म्हणाली, "आजी, आम्ही सांगलीत होतो म्हणून तुम्ही आलात. पाटणच्या, लातूरच्या पोरी पण पेजवरून घेतात. त्यांचं काय?"

ह्या प्रश्नानं चाचीला आठ दिवस छळलं. उत्तर तिला माहीत होतं, तेच नको होतं. याकूबचाचानं तिला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगून ठेवलं होतं की माल इकायचा, हात शिकवायचा न्हाई. हात शिकवला की मणेर घरी बसला. चाळीस वर्षांत तिनं सख्ख्या जावेलाही अंगठा दुमडायची ती खुबी नीट दाखवली नव्हती. अर्शियाला दाखवली तीही आदल्या साली. आणि आता ती फोनवर सगळ्या दुनियेला दाखवायची?

मी तिला दाखवू नको म्हणूनच सांगितलं. "चाची, धंद्याची गोम फुकट देऊन बसशील. उद्या पोरी तुझी खुबी शिकतील आन बांगड्या दुसरीकडनं घेतील. मग तू काय करशील?"

"घरी बशीन. गुडघ्यांनी आदीच बशिवलंय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "याकूब असता तर भांडला असता. त्याला मी पटिवलं असतं. आता पटवायला बी कोन न्हाई, म्हनून जड जातंय." तेव्हा तिचे डोळे भरले होते. मी माझं शहाणपण आवरतं घेतलं.

व्हिडिओ माझ्या दुकानातच काढला. न शिकलेला हात पाहिजे होता. अर्शियाचा हात मणेरणीचा, तो आपोआप दुमडायचा. शेवटी चाचीनं माझा धरला. दाबून म्हणाली, "ह्येच्या मापाची बांगडी म्हशीच्या शिंगालाच व्हईल." टोपलीच्या तळाशी तेवढ्या मोठ्या तीन-चार बांगड्या निघाल्या. केसाळ मनगट, झेरॉक्सच्या शाईनं काळी बोटं आणि त्यावर हिरवीगार काच. चाची सांगत होती, तसं मी माझ्या डाव्या हातात उजव्या हातानं बांगडी भरली. दोन वाढल्या, तिसरी चढली. तो व्हिडिओ पहिल्या व्हिडिओच्या कितीतरी पट लोकांनी बघितला. स्टँडवरची रिकामटेकडी मंडळी अजूनही मला बघितलं की "वैनी, च्या घेनार का?" म्हणून ओरडतात. घ्यायचा असतो, म्हणून मी घेतो.

मग सहा ओळी काढून टाकल्या. चाचीनं सांगितलं आणि अर्शियानं लिहिलं, बोली तेवढी बदलून: "बांगडी हातात चढेपर्यंत हाजराबीची. आधी व्हिडिओ बघा, मग भरा. तरी वाढली तर कळवा, दुसरी येईल. तुमच्याकडून व्हिडिओ नको. तुकडे कुणाच्या पायात जाणार नाहीत असे गोळा करा."

"लोक फशिवतील," मी म्हटलं.

"गावात बी फशिवनाऱ्या हुत्याच की. दोघी-तिघींपायी समद्यांचा हात पिरगाळायचा व्हय रं?"

फसवणाऱ्या निघाल्याही. एका ताईंच्या दोन महिन्यांत चार वेळा बांगड्या वाढल्या. चाचीनं चारही वेळा पाठवल्या, पाचव्या वेळी अर्शियाला फोन लावायला सांगून त्या बाईला म्हणाली, "पोरी, हाताला तेल लाव, न्हाईतर डाक्टरला दाव." त्यानंतर त्या बाईच्या बांगड्या वाढायच्या थांबल्या. माझ्या उरलेल्या गुलाबी चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी आता हिशेबाची टिपणं करतो.

गौरी आणायच्या दोन दिवस आधी चाची म्हणाली, "धनाजी, शिराळ्याला सोडतोस?" बनुबाईनं बोलावलं नव्हतं. फोनही केला नव्हता. शिवांजलीनं आजीला सांगितलं असेल की नाही, सांगितलं तर तिनं मनावर घेतलं की नाही, आम्हाला काही माहीत नव्हतं. वाटेत चाची दोनदा म्हणाली, "न्हाईच दिला हात तर च्या पिऊन येऊ." तिसऱ्यांदा तेही म्हणाली नाही.

बनुबाई दारातच गौरीचे मुखवटे पुसत बसली होती. आम्हाला बघून उठली, सतरंजी टाकली, आत जाऊन शिवांजलीला घेऊन आली. स्वतः भिंतीला टेकून बसली, हात पदराखाली. म्हणाली, "आदी हिच्या भरा."

अजून 'भरा'च होतं.

चाचीनं शिवांजलीचा हात घेतला. माप विचारायची गरज नव्हती. अंगठा दुमडला, बांगडी तिरपी धरली. पहिली चढली, दुसरी चढली. तिसरी हाडावरून वळताना चाचीच्या बोटांतून निसटली आणि कट्ट झालं. शिवांजलीच्या हाताला काही लागलं नाही. पण कितीतरी वर्षांत हाजराबीच्या हातून कुणी बांगडी वाढलेली बघितली नव्हती. चाची तो आपला हात बघत राहिली, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"राहू द्या आजी," शिवांजली हळूच म्हणाली, "बाकीच्या मी भरते. मला येतात आता."

चाचीनं नकारार्थी मान हलवली. वाकायला तिला वेळ लागला, गुडघा धरून वाकली. सतरंजीवरचे हिरवे तुकडे एकेक करून वेचले, एक शिवांजलीच्या पायाशी होता तोही घेतला, आणि पदराच्या टोकात बांधले. "ही माझी," ती म्हणाली, आणि टोपलीतून दुसरी काढली.

बनुबाईनं पदराखालून हात बाहेर काढला आणि तिच्यापुढं धरला.

"दाबून बग," ती म्हणाली, "सुकलाय का आजून त्योच हाय."